मुके कागद

त्या कारखान्यात पॉलिशपेपरला नुसतं ‘कागद’ म्हणायचे. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, लाकूड कातायची एक लेथ आणि एक खिडकी. कागद भुशानं भरून बंद पडला की तिथं म्हणायचे, ‘मुका झाला’. बाकीचे कातारी ‘कागद भरला’ म्हणतात, ‘बसला’ म्हणतात, कोणी ‘मेला’ म्हणूनही मोकळे होतात. ज्यांचा हा कारखाना त्या अप्पांचा शब्द मात्र मुका, कारण त्यांच्या मते चांगला कागद बोलतो. फिरत्या लाकडाला नवा कागद लावा, सर्रर्र असा कोरडा, भरदार आवाज येतो. दाण्यांमध्ये भुसा दाटू लागला की तो आवाज बारीक होतो आणि मग जातोच. तिथं हात काढायचा. नाही काढला तर कागद नुसता घसरत राहतो, लाकूड तापतं, आणि गुळगुळीत व्हायचं सोडून त्यावर करपल्याची तपकिरी कडी उमटते. ती मग घासून घासून हात मोडले तरी धड जात नाही.

अप्पांची लेक थोरली लहान असताना तिला या शब्दाची भारी गंमत वाटायची. “मुका झाला, दुसरा दे,” असं अप्पा म्हणाले की ती धावत जाऊन त्यांच्या गालाचा मुका घ्यायची आणि अप्पा भुशानं माखलेल्या तोंडानं ओरडायचे, “अगं कागद दे, कागद!” आता थोरली चौतीस वर्षांची होती. धाकटी बहीण लग्न होऊन लांब गेली, ही राहिली, आणि राहिली ती लेथपाशीच. बारा वर्षं ती अप्पांच्या हाताखाली होती. लाकूड तासणं, चढवणं, पटाशीनं कातणं, सगळं करायची. फक्त शेवटची घासाई अप्पा तिला करू देत नसत. “शेवटचा हात माझा,” असं त्यांचं ठरलेलं होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

अप्पांना सगळी गल्ली ‘कानसेन’ म्हणायची. हे नाव ठेवलं होतं मिस्त्रीनं. जिने आणि कठडे बसवणारा हा जाड मिशांचा माणूस वीस वर्षं अप्पांकडूनच दांडे कातून नेत होता. अप्पा लाकडाच्या तुकड्यावर बोटाचं पेर वाजवायचे, कान लावायचे आणि सांगायचे, “आतून चिरलाय. ठेवून दे.” कापून बघावं तर चीर असायचीच. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायला तुकडे घेऊन यायचे आणि गपगुमान परत जायचे. अप्पांना याचा गर्व होता, आणि का नसावा? माणसाकडे एखादी तरी गोष्ट अशी असावी, की जिच्या जोरावर त्यानं मान ताठ ठेवून चार लोकांत फिरावं.

या वर्षी मिस्त्रीनं छत्तीस दांड्यांचं काम दिलं. जिन्याच्या कठड्याचे दांडे, सगळे एकसारखे, आणि लाकूड राळेचं. राळेचं लाकूड म्हणजे घासणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. वास छान, रंग छान, पण जरा तापलं की आतली राळ पाघळते, भुशात कालवली जाते आणि कागदावर चकचकीत थर होऊन बसते. पहिले बारा दांडे गेले आणि चौथ्या दिवशी त्यातले नऊ परत आले. प्रत्येकावर, बरोबर गळ्याच्या खोबणीत, तपकिरी कडी होती.

“कानसेन, हे काय हो?” मिस्त्री म्हणाला. तो रागावला नव्हता, चकित झाला होता, आणि अप्पांना तेच जास्त लागलं.

“हल्ली कागदच मुके येतात,” अप्पा म्हणाले. “नवाकोरा लावतो, तर पहिल्यापासून मुका. दुकानदार गंडवतोय आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी थोरलीला बरोबर घेऊन ते दुकानात गेले आणि दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं निमूटपणे तीन प्रकारचे कागद काढून दाखवले. अप्पांनी प्रत्येकावरून नख ओढलं, कानाशी नेलं आणि बाजूला टाकलं. “हा मुका. हाही मुका.” दुकानदार मान खाली घालून कागद गुंडाळता गुंडाळता पुटपुटला, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

थोरलीनं अप्पांकडे बघितलं. आता काही खरं नाही, आता अप्पा याची सालटी काढणार! नाकावर माशी बसली तर माशीलाही न सोडणारा माणूस. पण अप्पा शांतपणे म्हणाले, “त्या वरच्या खणातला दाखव.” थोरलीला वाटलं, चला, वयाबरोबर माणूस निवळतो म्हणतात ते खरं आहे. आपल्याला जे सोयीचं असतं ते आपण किती पटकन खरं मानतो, नाही का?

घरी येऊन ती कामाला लागली. राळेच्या लाकडापायी कागद मुका होऊ नये म्हणून जे जे करतात ते ते तिनं केलं. लेथचा पट्टा मोटरच्या धाकट्या चाकावर चढवून वेग निम्म्यावर आणला. विरळ दाण्याचा कागद घेतला, म्हणजे भुशाला निसटायला वाट राहते. कागद तुकड्याच्या खालच्या अंगाला धरला, म्हणजे भुसा त्याच्यावर न बसता खाली पडतो. हात हलका ठेवला आणि एका जागी थांबू दिला नाही. आवाज बसायला लागला की कागद फळीवर आपटायचा, आणि राळ धरलीच असेल तर जुन्या चपलेच्या पिवळ्या रबरी तळाचा तुकडा त्यावरून ओढायचा. रबर राळेला असं उचलून घेतं की कागद पुन्हा जवळजवळ नवा होतो. एक दांडा तिनं असा घासला. मऊ, पांढरा, डागाचं नाव नाही. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बोलत होता.

“अप्पा, कागद चांगला आहे हो,” ती म्हणाली आणि तोच कागद तिनं त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी पुढचा दांडा घेतला. थोरली मागच्या बाजूला पटाशीला धार लावत बसली. सर्रर्र आवाज आला, चांगला आला. मग तो बारीक झाला. मग गेला. ती सवयीनं पुढच्या शांततेची, म्हणजे हात निघण्याची, वाट बघत राहिली. पण हात निघेना. आता लाकडातून कुई असा बारीक सूर यायला लागला आणि त्यामागून करपल्याचा वास.

“अप्पा, मुका झाला,” ती म्हणाली.

अप्पांची पाठ हलली नाही.

“अप्पा, हात काढा!” ती मोठ्यानं म्हणाली. लेथचा वेग निम्मा होता, आवाज फार नव्हता. तिच्या हातातली पटाशी तिथंच राहिली. ती उभी राहिली, त्यांच्या मागे चार पावलांवर गेली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “अप्पा, मी घर सोडून चालले.” काही नाही. मग तिनं ते म्हटलं. “अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही.”

अप्पा मन लावून घासत होते. धूर डोळ्यांपुढे आला तेव्हा कुठे त्यांनी हात काढला, कागद उलटा करून बघितला आणि भिरकावून दिला. “हाही मुका!” ते वैतागून म्हणाले. लाकूड तापलेलं त्यांच्या अंगठ्याला तरी कळायला हवं होतं, पण चाळीस वर्षांच्या घट्ट्यांनी त्या अंगठ्याचं कातडं चपलेसारखं झालं होतं. इतकी वर्षं ते कानानंच काम करत आले होते.

थोरली वळली तर दारात आई उभी होती, हातात चहाचा पेला. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं थोरलीला खुणेनंच बाहेर बोलावलं.

“वर्ष होऊन गेलं,” आई म्हणाली. “आधी वाटलं, लक्ष देत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला नवरा लक्ष देतो? मग एक दिवस भांड्यांची अख्खी फळी खाली आली आणि हे पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचतायत! तेव्हापासून मी समोर जाऊनच बोलते. तोंडाकडे बघून त्यांना बरंच कळतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू त्यांना सांगितलं असतंस.”

“सांगायलाच हवं. कानाला यंत्र मिळतं आई. डॉक्टर आहेत.”

“त्यासाठी आधी ‘येत नाही’ म्हणावं लागतं ना गं. ते म्हणतील?” आईनं पेला कठड्यावर ठेवला. “त्यांचे पाय गेले असते तर खुर्चीत बसून हुकूम सोडले असते. पण कान? गल्लीनं कानसेन नाव ठेवलेला माणूस तो. नको सांगूस. तुझ्या पाया पडते.”

“आणि लेथवर काही झालं तर?”

कातकाम करणाऱ्याच्या घरात याचा अर्थ सांगावा लागत नाही. फिरतं लाकूड फुटायच्या आधी आवाज देतं. तो ज्याला ऐकू येतो तो बाजूला होतो.

थोरलीनं मग एक युक्ती केली. युक्ती कसली, ताकाला जाऊन भांडं लपवणंच ते. अप्पा घासायला लागले की ती समोरच काहीतरी काम काढून बसायची, आणि आवाज बसला की, “द्या अप्पा, जरा साफ करून देते,” म्हणून कागद त्यांच्या हातातून काढून घ्यायची. “काय चाललंय तुझं मधेमधे?” अप्पा खेकसायचे, पण द्यायचे. आठ दिवसांत सतरा दांडे झाले, एकावरही कडी नाही. नवव्या दिवशी अप्पा खुशीत होते. फिरत्या दांड्याला कागद लावून तिच्याकडे बघत म्हणाले, “या खेपेचे कागद बरे आहेत. बघ, कसा बोलतोय!”

कागद तेव्हा पार मुका झालेला होता. एवढासाही आवाज येत नव्हता.

थोरलीनं मान डोलावली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. तीन माणसं एका घरात राहून, एका ताटाला बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

मग तो मंगळवार आला. सकाळी उरलेल्या तुकड्यांतला एक थोरलीनं अप्पांपुढे धरला. त्यांनी पेरानं वाजवला, कान लावला आणि मान हलवली, चालेल. तिनं तो लेथवर चढवला. इथं तिची चूक झाली, आणि त्या कारखान्यात वाढलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी चूक. बारा वर्षांत तिथं कोणी लाकडातली चीर डोळ्यांनी शोधलीच नव्हती. अप्पांनी मान हलवली की तुकडा चढवायचा, हेच तिला येत होतं. अप्पांचे कान गेलेत हे कळूनसुद्धा तिचे हात जुन्या सवयीनंच चालले.

ती बाहेर लाकडं उतरवून घ्यायला गेली. दोन ओंडके उतरवले असतील नसतील, आतून आवाज आला. टक. टक. टक. प्रत्येक फेऱ्याला एक, आणि दर खेपेला जरा मोठा. तिच्या हातातला ओंडका कुठे पडला ते तिलाही कळलं नाही. ती धावली. अप्पा दांड्यावर वाकलेले, तोंड लाकडापासून वीतभर, खोबणीतली धार निरखत. तिनं त्यांना हाक मारली नाही, हाक मारून उपयोगच नव्हता. भिंतीवरचं मुख्य बटण खाली ओढलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचा सदरा धरून त्यांना मागे खेचलं. लेथ थांबता थांबता दांड्याची एक लांब फाक सुटली आणि ते होते त्या जागेवरून जाऊन खिडकीच्या गजावर आदळली.

“कोणी बंद केलं? अक्कल आहे का—” अप्पा ओरडत वळले, आणि मग त्यांना फाक दिसली.

ती त्यांनी उचलली. मग लेथवर अडकलेल्या अर्ध्या दांड्यावर पेर वाजवलं, कान लावला. पुन्हा वाजवलं. मग थोरलीकडे तोंड करून विचारलं, “कसा येतोय आवाज?”

“फुटका,” ती म्हणाली. त्यांच्यासमोर, तोंड दिसेल असं.

“सकाळी मीच वाजवला होता ना हा?”

“हो.”

“आणि चालेल म्हटलं.”

“हो अप्पा.”

“मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं गं,” अप्पा म्हणाले. “तू समोर उभी होतीस, वाट बघत. म्हणून मान हलवली.”

थोरलीला रडू फुटलं. रडत रडतच ती म्हणाली, “अप्पा, कागद मुके नाहीत. एकही नव्हता. तुमचे कान गेलेत. आज तुमचं डोकं फुटलं असतं, आणि मी बाहेर लाकडं मोजत बसले असते.” रडण्यात शब्द वाकडेतिकडे होत होते, अप्पांना किती कळले कोण जाणे. पण ते लाकडी ठोकळ्यावर खाली बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “आईला माहीत आहे?” तिनं मान डोलावली. “मिस्त्रीला?” तिनं नाही म्हटलं. “त्याला सांगू नकोस. शपथ आहे तुला.”

पुढचे दोन दिवस ते लेथला शिवले नाहीत. कोपऱ्यातल्या खोक्यात त्यांनी महिनाभर मुके म्हणून फेकलेले कागद होते. ते एकेक काढून, मांडीवर पसरून, रबर ओढून साफ करत बसले. बहुतेक सगळे धड होते. थोरली राहिलेले दांडे एकटी कातत होती, एकटी घासत होती. शेवटचा हात माझा, असं कोणी म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. दारातूनच त्याचा आवाज आला, “काय कानसेन, झाले का दांडे?” बरोबर दोन गडी होते, आणि शेजारचा शिंपीही गंमत बघायला मागोमाग आत शिरला. गड्यांनी एक जाडजूड, कमरेएवढा उंच खांब आणून टेकवला. कठड्याच्या सुरुवातीला, जिन्याच्या पायथ्याशी उभा करायचा खांब. सगळ्या कठड्याचा भार त्यावर.

मिस्त्रीनं नवे दांडे हातात घेऊन फिरवून बघितले आणि खूश झाला. “हे बघा, याला म्हणतात काम! आता एवढा खांब तेवढा वाजवून सांगा. वरून तर चांगला दिसतोय. त्या घरात लहान पोरं आहेत, दिवसभर कठड्याला लोंबकळणार. तुम्ही हो म्हटलंत की मी डोळे मिटून उभा करतो.”

हे सगळं तो अप्पांच्या समोर उभा राहून बोलला, त्यामुळे अप्पांना कळलं असावं. ते उठले. खांबाजवळ गेले. थोरलीचे हात कागदावर जागच्या जागी थांबले. शपथेनं तिचं तोंड बांधलं होतं. अप्पांनी मान हलवली असती तर तिनं काय केलं असतं, हे ती पुढे कधी स्वतःलाही सांगू शकली नाही.

अप्पांनी पेर वाजवलं. खांबाला कान लावला. डोळे मिटले. अप्पांनी पुन्हा वाजवलं, थोडं खाली, मग आणखी खाली. मिस्त्री मिशीवरून हात फिरवत हसत होता, त्याला पक्कं माहीत होतं की आता उत्तर मिळणार.

अप्पांनी डोळे उघडले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “वर्ष झालं. परत आलेले ते नऊ दांडे माझ्या कानांनी जाळले, दुकानदाराचा काही दोष नव्हता. यापुढं जे विचारायचं ते माझ्या मुलीला विचारा. ती खांब वाजवेलही आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी तपासेलही. ती हो म्हणाली तरच उभा करा.”

स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. त्यामुळे हे सगळं ते इतक्या मोठ्यानं बोलले, की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, रस्त्यानं जाणारे दोघं जागीच थांबले आणि आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. मिस्त्रीचा हात मिशीवरच राहिला. शिंप्यानं मान खाली घातली.

कोणी काही बोलत नाही हे अप्पांना त्यांच्या तोंडांकडे बघून कळलं. ते थोरलीकडे वळले आणि जरा ओशाळून विचारलं, “मी फार मोठ्यानं बोललो का गं?”

थोरलीनं मान हलवली. नाही म्हणाली.